प्रकाशाला मागं टाकणारं स्थळ

भाचीला बघायला आलेल्या पाहुण्यांपैकी बहुतेक मला आठवत नाहीत. आठवावं असं त्यांच्यात काही नव्हतं. मुलगा मान खाली घालून बसायचा, त्याची आई भिंतींचे पोपडे मोजल्यासारखी बघायची, बाप पावसाचं बोलायचा, आणि सुशला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, आणि भजी खाऊन मंडळी निघून जायची. कलबुर्गीचं एक स्थळ मात्र लक्षात राहिलं. त्या मुलानं प्रकाशाला मागं टाकलं होतं. निदान त्याचा बाप तसं सांगत होता.

मी नौबादला हायस्कुलात विज्ञान शिकवते. ही भाची माझ्या थोरल्या भावाची मुलगी. भावाला मी अण्णा म्हणते, भाची अप्पा म्हणते. संतपूरला त्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि सोयाबीन-तुरीची शेती आहे. भाची कॉलेजची सगळी वर्षं माझ्याकडं राहिली, भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली, आणि त्या उन्हाळ्यात तिला हैदराबादला पीएच.डी.ला जागा मिळाली. काचेच्या बारीक तंतूंतून प्रकाश जाताना वाटेत कुठं आणि कसा कमी होतो, यावर तिला काम करायचं होतं. पावसाळा लागता लागता हजर व्हायचं होतं. तोवर सुटीला आम्ही दोघी संतपूरला अण्णाकडं आलो होतो.

अण्णाला हे पसंत नव्हतं, पण सरळ नाही म्हणायची त्याची रीत नाही. तो म्हणाला, त्याआधी स्थळ जमलं तर पुढचं सासरचे ठरवतील, नाही जमलं तर जा. म्हणजे मुलीनं शिकायचं की नाही हे असे लोक ठरवणार होते, जे कोण आहेत हेच अजून कुणाला माहीत नव्हतं. मी हे त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "तू मास्तरीण हाईस, तुला सगळं फळ्यावर मांडायची सवय लागलीय." आणि दुकानात निघून गेला.

मग बाजारातल्या एका अडत्यानं हे कलबुर्गीचं स्थळ आणलं. घर आपल्यातलंच, लिंगायत, बसवण्णांना मानणारं, मराठी-कन्नड दोन्ही बोलणारं. डाळमिल स्वतःची. मुलगा इंजिनिअर, बेंगळुरूला काही वर्षं नोकरी केलेला. नोकरी सोडून तो आता मिलच्या वरच्या खोलीत बसून संशोधन करत होता, आणि त्याची अट एकच होती, मुलगी भौतिकशास्त्र शिकलेलीच पाहिजे. अण्णाला ही अट म्हणजे शकुन वाटला. इतकी वर्षं जे शिक्षण मुलीच्या लग्नाच्या आड येतंय म्हणून तो कुरकुरत होता, तेच आता उपयोगी पडणार होतं.

मुलाच्या फोटोबरोबर त्याचा निबंध आला. प्रकाशापेक्षा वेगानं जाता येतं असं सिद्ध करणारा, रंगीत मुखपृष्ठाचा, पैसे भरतील त्यांचं काहीही छापणाऱ्या एका मासिकानं छापलेला. अण्णाला त्यातलं एक अक्षरही कळलं नाही, म्हणून त्यानं तो देवघरात ठेवला. मी तिथून काढून वाचला. एका दुपारीत झाला. धावत्या बसच्या दिव्यातून निघालेल्या उजेडाला बसचाही वेग मिळतो, असं पहिल्याच पानावर धरलेलं होतं. पोत्यातल्या तुरीत आणखी तूर ओतावी तसं. बस जितकी जोरात, उजेड तितका जोरात, आणि बस पुरेशी जोरात नेली की झालं काम. पुढची सगळी पानं या एका बेरजेवर उभी होती.

ही बेरीज चालत नाही, हे शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे आणि पुन्हा पुन्हा तपासलेलं आहे. दिवा उभा असो की पळता, उजेड तेवढ्याच वेगानं जातो, सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर. विचित्र आहे, मान्य. विचित्र आहे म्हणून ते खोटं ठरत नाही. माझ्या वर्गातली मुलं हे ऐकून जरा वेळ गप्प बसतात आणि मग विचारतात, कामून? हा मुलगा गप्पही बसला नव्हता आणि त्यानं विचारलंही नव्हतं. थेट छापून मोकळा झाला होता.

भाचीनंही निबंध वाचला. पेन्सिलीनं एक खूण केली आणि परत देवघरात नेऊन ठेवला.

पाहुणे रविवारी दुपारी यायचे होते. हुमनाबादच्या पुढं जेवायला थांबले आणि तिथंच सुस्तावले, त्यामुळं आले तेव्हा चार वाजून गेले होते. मुलगा, त्याचे आईवडील आणि तो अडत्या. मुलगा दिसायला बरा होता, अंगानं जरा सुटलेला, आणि कुणी बोलत असलं की तो आढ्याकडं बघून हसायचा. आपण काहीतरी मोठं जाणतो आणि समोरच्याला ते सांगून उपयोग नाही, अशा अर्थाचं हसू. शाळेत नवीन बदलून आलेले काही मास्तर असे हसतात. वर्षाच्या आत त्यांचं हसू जातं, कारण मुलं प्रश्न विचारतात. याला घरात कुणी प्रश्न विचारला नसावा.

बाप बोलत होता. मुलानं परदेशातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही, याचा अर्थ ते घाबरले. अण्णानं मान डोलावली. अडत्यानं मान डोलावली. वहिनी भज्यांचं ताट घेऊन उभी होती, तिनंही डोलावली. मी म्हटलं, मीसुद्धा शिक्षण खात्याला गळक्या छताबद्दल पत्रं लिहिली आहेत, खातं मला घाबरलंय हे मला माहीत नव्हतं. मुलाचा बाप हसला. त्याला वाटलं मी त्यांच्या बाजूनं बोलले.

"आता बघा," तो म्हणाला, "आपलं मन. हितं बसल्या जागी काशीला जाऊन येतंय का न्हाई? मग प्रकाश कसा काय पुढं?"

मन काशीला जात नाही. काशीचा विचार डोक्यातल्या डोक्यात होतो, आणि तो करायलाही वेळ लागतो, काहींना तर फारच. हे मी बोलले नाही. अण्णानं माझ्याकडं बघून डोळे वटारले होते.

भाची आली, बसली. जांभळ्या काठाची साडी वहिनीनं नेसवलेली. तिला कुणी काही विचारायच्या आत मुलाच्या आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि तिची घाई सुरू झाली. रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो. तो लागला की पुढं दीड तास शुभ काही करायचं नाही. या बाईच्या गळ्यात लिंग होतं, कपाळावर विभूती होती, दारातून आत येताना तिनं नमस्काराऐवजी शरणु शरणार्थी म्हटलं होतं, आणि वेळ-मुहूर्त बघू नका हे आपल्या घरांत नऊ शतकं सांगितलं जातंय ते तिच्या नुसतं कानावरून गेलं होतं. पिशवीतून तिनं नारळ काढला, तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी काढली, आणि वहिनीला म्हणाली, "पोरीचा पदर धरा."

आमच्याकडं पसंती झाली की मुलाकडची बाई मुलीची ओटी भरते. कन्नडमध्ये उडी तुंबणं म्हणतात. ओटी भरली की ठरलं. मग साखरपुडा कधी, लग्न कुठं, एवढंच बोलायचं उरतं. पण त्याच्या आधी दोन्हीकडून हो यावं लागतं, आणि ते लगेच येत नाही. मंडळी घरी जातात, चार दिवसांनी निरोप पाठवतात, मग इकडचा निरोप तिकडं जातो, आणि मग दुसऱ्या खेपेला ओटी. पहिल्या खेपेला, सुशला खाऊन हात धुवायच्या आत भरलेली ओटी मी कधी पाहिली नव्हती.

मी म्हटलं, "आधी विचारायचं तरी."

"विचारायचं काय त्याच्यात," मुलाची आई म्हणाली. "आमाला पसंत हाय. तुमाला नको असतं तर आमाला बोलावलं असतं का?"

वहिनीनं पदर धरला. वहिनी तशीच आहे, कुणी कणखर आवाजात काही सांगितलं की ती करते, कोण सांगतंय ते मागून बघते. भाचीनं तिच्याकडं पाहिलं, अण्णाकडं पाहिलं, आणि अण्णा जमिनीकडं बघत होता. नारळ पदरात पडला, तांदूळ पडले. अडत्यानं टाळी वाजवली. घड्याळात साडेचार व्हायला थोडा वेळ होता, आणि ती बाई मागं टेकून बसली, गाडी सुटता सुटता चढल्यासारखी.

म्हणजे हैदराबाद संपलं. हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं. ओटी परत करत नाहीत. परत केलेल्या ओटीचं आमच्या तालुक्यात मी तरी ऐकलं नव्हतं.

तेव्हा मुलगा पहिल्यांदा आढ्यावरून खाली उतरला. म्हणाला, मला मुलीशी वर गच्चीवर जरा बोलायचंय, विषयाचं. आता ठरलंच होतं, तेव्हा कुणाची हरकत नव्हती. सोबत मला पाठवलं. गच्चीला नवा कठडा बांधून प्लास्टर केलं होतं आणि त्याला रोज पाणी मारावं लागत होतं, ते संध्याकाळचं पाणी राहिलंच होतं. मी नळी घेऊन कामाला लागले. पाहुणे आले म्हणून प्लास्टरनं तडकायचं थांबवलं नसतं.

मुलानं आधी तिला सांगितलं की हैदराबादची गरज नाही. "दुसऱ्याच्या संशोधनात राबून काय मिळनार? आपलंच हाय की घरात. इंग्रजी नीट करायचंय, गणित एकदा बघून घ्यायचंय. तुमचं नाव बी टाकू, आभारात."

एवढ्यासाठी भौतिकशास्त्रवाली पाहिजे होती. डाळमिलला मुनीम असतो, संशोधनाला बायको.

भाची म्हणाली, "बसच्या दिव्याचं मी वाचलं. ती बेरीज चुकलीय."

"ते बाजूला ठेवा," तो म्हणाला. चाळीस पानांचा निबंध ज्या बेरजेवर उभा होता ती त्यानं इतक्या सहज बाजूला ठेवली की मी नळी बंद करून बघत राहिले. "दुसरा पुरावा दाखवतो." त्यानं मनगटावरचं घड्याळ उन्हात धरलं. काचेचा कवडसा समोरच्या पाण्याच्या टाकीवर पडला. मग त्यानं मनगट जरासं वळवलं आणि कवडसा टाकीवरून पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर गेला. "बघितलं? टाकी कुठं, गिरणी कुठं. माझं मनगट बोटभर हाललं. आता टाकीच्या जागी चंद्र धरा. एवढाच झटका दिला तर चंद्राच्या ह्या टोकाचा ठिपका त्या टोकाला किती वेगानं जाईल? प्रकाशापेक्षा जास्त. हिशोब करा. हे तरी खरं हाय का न्हाई?"

"खरं हाय," भाची म्हणाली.

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मीही मान हलवली, कारण ते खरंच आहे. ठिपका प्रकाशाहून जोरात पळू शकतो. त्याला वाटलं आता आम्ही दोघी हरलो.

भाचीनं माझ्या हातातली नळी घेतली. कठड्याच्या कोरड्या राहिलेल्या बाजूकडं तोंड केलं आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नळी झटक्यात फिरवली. करड्या प्लास्टरवर ओला पट्टा सरकन उमटत गेला.

"ओल ह्या टोकाहून त्या टोकाला गेली," ती म्हणाली. "आता सांगा, ह्यातला एक तरी थेंब कठड्याच्या कडेनं तिकडं गेला का? प्रत्येक थेंब माझ्या हातातून निघाला आन् समोर गेला. ह्या टोकाला उभ्या माणसाला त्या टोकाच्या माणसाला काही सांगायचं असंल तर ही ओल त्याच्या काय कामाची? तुमच्या ठिपक्याचं तेच हाय. पळतोय, पण काही घेऊन जात न्हाई."

तो कठड्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता विचारेल. इतक्या स्पष्ट दाखवलेल्या गोष्टीवर माझ्या वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगाही काहीतरी विचारतो. यानं घड्याळावर बाही खाली ओढली आणि म्हणाला, "तुमी प्रचलित मताच्या हायत. शिक्षनानं तसं व्हतंय."

भाचीला तेव्हा राग आला असावा, कारण तिचा आवाज खाली गेला. तिचा राग वर जात नाही. ती म्हणाली, प्रकाशाला मागं टाकणारं खरोखर काही असतं, तुम्हाला माहीत आहे का? तो म्हणाला, मन. ती म्हणाली, मन नव्हे. पाण्यात प्रकाश हळू चालतो, जवळजवळ पाऊण वेगानं, आणि अणुभट्टीच्या पाण्यात काही कण त्याच्या पुढं पळतात. तिथं निळा उजेड पडतो, डोळ्यांना दिसतो. मोकळ्या पोकळीतल्या प्रकाशाला मात्र तेही गाठत नाहीत. त्याला हे माहीत नव्हतं. सगळं आयुष्य या एका विषयाला दिलं म्हणून बाप सांगत होता, आणि या विषयातली जी एक खरी, बघता येण्यासारखी गोष्ट होती ती त्याला माहीत नव्हती. माहीत करून घ्यायची गरजच काय? वरच्या खोलीत चहा वेळेवर येत होता.

"बरं," भाची म्हणाली, "समजा तुमचं खरं. प्रकाशाच्या पुढं निरोप पाठवता आला. मग काय व्हईल?"

"क्रांती व्हईल."

"ते नंतर. आधी असं व्हईल की कुणीतरी पळत्या गाडीतनं बघणारा म्हनंल, मला उत्तर आधी दिसलं आन् प्रश्न मागून. परिणाम आधी, कारण मागून. ह्याच्यातनं सुटका न्हाई. तुमच्या निबंधात ह्याच्यावर काय लिहिलंय?"

काहीच लिहिलेलं नव्हतं. त्यानं जरा वेळ आभाळाकडं पाहिलं, तिथं आढं नव्हतं म्हणून. मग त्याचा चेहरा उजळला. मला अजून तो चेहरा आठवतो. माणसाला स्वतःचंच काही आवडलं की होतो तसा.

"मग त्यात वाईट काय?" तो म्हणाला. "उत्तर आधी आलं तर आलं. आता आपलंच बघा. ओटी आधी भरली, बोलनं आता चाललंय. अडलं का काही?"

भाचीनं नळी खाली ठेवली. पदराची गाठ अजून तिच्या कमरेला होती, आत नारळ. "चला," ती म्हणाली आणि जिना उतरली. तो मागोमाग उतरला, खूश होऊन. आपण पटवलं असं त्याला वाटलं असणार. मी नळ बंद करून खाली गेले तेवढ्यात ती बैठकीत पोचली होती.

तिथं साखरपुड्याचं बोलणं सुरू झालं होतं. अण्णा म्हणत होता सोयाबीनची पेरणी झाल्यावर. मुलाचा बाप म्हणत होता पेरणीच्या आधीच उरकू. भाचीनं ताटातली भजी बाजूला सारली, पदराची गाठ सोडली, आणि नारळ, तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी सगळं त्या ताटात ओतलं. ताट तिनं मुलाच्या आईपुढं ठेवलं.

"आत्ती," ती त्या बाईला म्हणाली, अगदी नीट, मोठ्या माणसाशी बोलावं तसं, "ही ओटी आधी आली. मला विचारायचं ऱ्हायलंय. आता विचारा."

मुलाच्या आईनं ताटापासून हात मागं घेतले, चटका बसल्यासारखे. अडत्या उठून उभा राहिला आणि मग कुठं जायचं ते न सुचून परत बसला. शेवटी बापानंच विचारलं. त्याला वाटलं मुलीला मान पाहिजे, तेवढा दिला की मिटेल. "बरं बाळा, विचारतो. आमचा पोरगा पसंत हाय का न्हाई?"

"न्हाई."

"कामून?"

"त्यांना बायको नको हाय, कुणी प्रश्न न विचारणारं मानूस पायजे. आन् मी हैदराबादला चाललेय."

अण्णा तिला आत जा म्हणाला. ती गेली. बैठकीत जे उरलं ते बघण्यासारखं होतं. मुलाची आई म्हणत होती, भरलेली ओटी आम्ही परत घेत नाही, अपशकुन आहे. अण्णा म्हणत होता, दिलेली ओटी आम्ही तरी कशी ठेवायची. दोन घरांची शहाणी माणसं एका नारळाभोवती अशी बसली होती, जणू हात लावला तर फुटेल. आणि मुलगा? तो देवघरातला आपला निबंध उचलून आणून मला बाजूला घेऊन विचारत होता, निबंधावर पेन्सिलीची खूण कुणी केली आणि ती चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे. लग्न मोडल्याचं त्याच्या ध्यानात आलं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मी म्हटलं, पहिल्या. तो म्हणाला, पहिल्या पानावर? मी म्हटलं, पहिल्या ओळीत.

मग मी ते ताट उचललं. तांदूळ खणात बांधले, नारळ वर ठेवला, बाहेर नेऊन त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं आणि दार लावलं. ड्रायव्हर बघत होता. मला काही झालं नाही. तांदूळ तांदळासारखेच होते. आत येऊन सांगितलं की सामान गाडीत ठेवलंय, आणि अंधार पडायच्या आत तुम्ही भालकीच्या पुढं गेलेलं बरं, रस्त्याचं काम चालू आहे. ते उठले. चहाचा दुसरा कप कुणी मागितला नाही.

अण्णा माझ्याशी आणि भाचीशी बोलायचा बंद झाला. आमच्यात बोलणं बंद करणं ही पुरुषांची मोठी शिक्षा समजली जाते. घरात त्या दिवसांत फार शांतता होती आणि कामं चांगली उरकली. चारेक दिवसांनी अडत्याचा निरोप आला, की कलबुर्गीकरांना मुलगी पसंत पडली नाही, फार बोलते. तिचं उत्तर आमच्या बैठकीत त्यांच्या तोंडावर सांगून झालेलं होतं, आणि हे आता नकार पाठवत होते. अण्णानं तो निरोप हसत घेतला. गावात त्यानंच सांगत सुटायला सुरुवात केली, त्यांनी नाही म्हटलं, काय करणार. आपल्या मुलीनं नाही म्हटलं हे सांगण्यापेक्षा आपली मुलगी कुणाला नको झाली हे सांगणं त्याला सोपं वाटलं. मी त्याला हे सुनावलं. तो म्हणाला, "तुला कळत न्हाई. परत केलेली ओटी म्हटली की तालुक्यातनं एक स्थळ यायचं न्हाई."

पण ते कळायचं ते सगळ्यांना कळलंच होतं. त्या दिवशी गाडीजवळ उभ्या ड्रायव्हरनं हुमनाबादला चहाच्या टपरीवर सांगितलं असेल, अडत्यानं बाजारात सांगितलं असेल, वहिनीनं माहेरी तर सांगितलंच होतं. औरादपासून आळंदपर्यंत जिथं जिथं आमची सोयरीक होण्यासारखी घरं होती तिथं हे पोचलं. आणखी दोन स्थळं यायची होती, त्यांनी कळवलं की मुलाला सुटी नाही. दोघांनाही. मोसमी आजारासारखी ती सुट्यांची टंचाई पसरली.

मग अण्णानं हिशेब केला. त्याला दुकानातला माल कधी उठत नाही आणि कधी उठेल हे बरोबर कळतं. लोक विसरेपर्यंत मुलगी घरात ठेवून काही होणार नव्हतं, उलट रोज समोर दिसत राहिली असती. दूर असली तर बरं. एका सकाळी तो वहिनीला म्हणाला, म्हणजे आम्हाला ऐकू जाईल असं वहिनीला म्हणाला, की हैदराबादला होस्टेलची सोय कशी आहे ते कुणीतरी बघून यायला पाहिजे.

मुलीच्या शिक्षणावर त्याचा विश्वास बसला, तिचं म्हणणं त्याला पटलं, असलं काही झालं नाही, आणि झालं असं मी लिहिणार नाही. त्याला दुसरा रस्ता उरला नाही. बऱ्याच मुली बऱ्याच ठिकाणी अशाच पोचतात. भाचीला मी विचारलं, तुला याचं वाईट वाटतं का. ती कपडे घड्या करत होती. म्हणाली, "आत्या, तिथं पोचायचंय. अप्पांच्या मनात काय हाय ते मी कशाला मोजू."

ती निघाली त्या दिवशी अण्णानं दुकान उशिरा उघडलं. तिची लोखंडी पेटी त्यानंच जीपच्या टपावर चढवली आणि दोरीनं बांधायला लागला. तिच्याकडं बघितलं नाही. एक गाठ मारली, मग तिच्यावर दुसरी, मग आडवी, मग खालून काढून परत वर. खताची पोती तो कधी इतकी बांधत नाही. ड्रायव्हर म्हणाला, पुरे मालक, उतरवताना दोरी कापावी लागेल. अण्णा म्हणाला, "कापा तिकडं जाऊन."

भाची पुढच्या सीटवर बसली आणि जीप निघाली.